मिडलचं बटण

माझा भाचा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असतो, "हे बरं की हे?" लोक बिचारे सांगून मोकळे होतात आणि चष्मा घालून घरी जातात. हा स्वतः मात्र गिटारचा आवाज मोठा करणारा एक अॅम्प घ्यायचा म्हणून महिनोन्‌महिने "हे बरं की हे" करत बसला होता, आणि दोन्ही बाजूंचं ओझं वाहायला मी.

ओझं म्हणतो ते उगाच नाही. हल्ली तेच काम हाताच्या पंजाएवढी डबी करते. पण यांना काचेच्या व्हॉल्व्हचाच अॅम्प लागतो, जुन्या रेडिओत दिवे असायचे तसले. वर लोखंडी काळजाचे ट्रान्सफॉर्मर, खाली कपाटाएवढा स्पीकरचा खोका. मी जन्मभर सुतारकाम केलं, शिसवी पलंग जिन्यावरून चढवले, पण पलंगावर निदान कोणी झोपतं तरी.

हात थकले तसा मी कारखाना बंद केला. मागची शेड रिकामी पडली. भाचा म्हणाला, "मामा, रविवारी तिथे वाजवू का?" मला वाटलं, वाजवतील काही गोड. निघालं मेटल. मेटल म्हणजे ज्यात गाणारा गात नाही, गुरगुरतो. यांचा गाणारा विमा कचेरीत आहे. इतका मवाळ की चहा नको म्हणतानाही माफी मागतो, आणि माइक हातात आला की दाढ उपटल्यासारखा ओरडतो. आम्ही त्याला गुरगुऱ्या म्हणतो. बेस गिटारवर भाचेसून. ती प्रसूतिगृहात नर्स आहे, तेव्हा आरडाओरड्याचं तिला काही वाटत नाही. ड्रमवर ठोक्या. तो शाळेत गणित शिकवतो. भाचा आणि ठोक्या एका बाकावरचे. बाक बडवल्याबद्दल दोघांनी एकत्र छड्या खाल्ल्या, आणि त्यातूनच हा बँड निघाला. छड्या कमी पडल्या असं माझं मत आहे.

तर एका रविवारी ठोक्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "मला तू ऐकू येत नाहीस."

"शेड दणाणतेय, आणि तुला ऐकू येत नाही?" भाचा म्हणाला.

"शेड ऐकू येते. तू नाही. नुसता घूंऽऽ येतो. मी तुझा उजवा हात बघून वाजवतो. कधीपासून असाच वाजवतोय. माझी मान धरायला लागलीय."

हे मला समजलं कारण मी ते बघत होतो. या प्रकारात गिटारवाल्याचा उजवा हात शिलाई मशीनच्या सुईसारखा खालीवर होतो, आणि ड्रमवाल्याचा पाय प्रत्येक टाक्यावर पडावा लागतो. जरा चुकला की जिन्यावरून भांड्यांचं पोतं सोडल्यासारखं होतं. ठोक्या मान वाकडी करून भाच्याच्या मनगटाकडे बघत असायचा, मांजर भिंतीवरच्या पालीकडे बघते तसा.

"मला दुसऱ्या बँडनं बोलावलंय," ठोक्या म्हणाला. "मी अजून हो म्हटलेलं नाही. हॉलमधला कार्यक्रम येतोय. तिथे तू मला ऐकू आलास तर राहतो. नाही आलास तर जातो. यात भांडण नाही, हं. मानेचा प्रश्न आहे."

भांडण नाही म्हणाला खरा, पण भाच्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. लग्नात बायकोकडे पाहण्याआधी ज्यानं मागे वळून ठोक्या आला का ते पाहिलं, तो हा माणूस. ठोक्या गेला तर बँड गेला, आणि बँड गेला तर उरतं ते चष्म्याचं दुकान.

भाचेसून बेसच्या तारा पुसत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "मिडल वाढव."

अॅम्पला तीन बटणं असतात. बेस, मिडल, ट्रेबल. खालचा आवाज, मधला, वरचा. आमचा शहाणा बेस पूर्ण लावतो, ट्रेबल पूर्ण लावतो, आणि मिडल शून्यावर. खोलीत एकटा वाजवत बसला की डोंगर कोसळल्यासारखं वाटतं, आणि हे लोक बहुतेक वेळ खोलीत एकटेच असतात.

"खाली मी बसलेय," भाचेसून म्हणाली. "वर ठोक्याच्या झांजा. तुझी जागा मधे आहे. तीच तू कापून टाकतोस आणि मग म्हणतोस मला कोणी जागा देत नाही."

"मिडल वाढवलं की पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं."

"डबा ऐकू तरी येतो."

"आवाज हा अॅम्पमध्ये असावा लागतो. माझा अॅम्पच भिकार आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. आमचे चिरंजीव नवं अंगण विकत घ्यायला निघाले.

आता प्रश्न असा पडला की अॅम्प जुना घ्यायचा की नवा-जुना. नवा-जुना म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. कंपनी पन्नास वर्षांपूर्वी जे बनवत होती तेच ती आज पुन्हा बनवते, तसाच रंग, तशीच जाळी, तशीच अक्षरं, आणि त्याला रीइश्यू म्हणते. आम्ही सुतारांनी नव्या लाकडाला जुनं दिसायला चहाचं पाणी लावलं तर लोक त्याला फसवणूक म्हणायचे.

आधी दुकानात गेलो. दुकानदाराच्या दंडावर कवट्या गोंदलेल्या होत्या आणि आवाज शिशुवर्गाच्या बाईंसारखा गोड होता.

"हा अगदी त्या काळचाच आहे सर. फक्त चांगला."

"त्या काळचा वाईट होता का?" मी विचारलं.

"नाही नाही काका, त्या काळचा सर्वोत्तमच होता. हा त्याहून बरा." त्यानं अॅम्प फिरवून पाठ दाखवली. "मागे मास्टर व्हॉल्यूम दिलाय. म्हणजे आवाज हळू ठेवूनसुद्धा मेटलला लागते ती खरखर पूर्ण मिळते. शेजारी भांडायला येत नाहीत. सुटे भाग सगळे मिळतात. ही बटणं बघा, तुटली, हरवली, पाकिटात मिळतात."

पाकिटाचं नाव काढताच भाच्याचं तोंड आंबट झालं. त्यानं गिटार जोडली, मिडल शून्यावर नेलं आणि काचा हादरवल्या. मग डोळे मिटून म्हणाला, "आवाज आहे. पण याला भूतकाळ नाही."

"वापरा ना सर, होईल," दुकानदार म्हणाला. त्या दिवशी कोणी शहाणपणाचं बोललं असेल तर तो.

मग भाचेसुनेला घेऊन जुने अॅम्प जमवणाऱ्या एका संग्राहकांकडे. हे गृहस्थ निवृत्त वकील. वरच्या मजल्यावर एक आख्खी खोली अॅम्पना दिलेली, प्रत्येकावर शिवलेला अभ्रा. बायको बाहेरच्या खोलीत अरुंद दिवाणावर पाय दुमडून बसली होती. अॅम्पना पाय पसरायला जागा होती.

"चपला बाहेर," ते म्हणाले. "आणि मोठ्यानं बोलू नका."

"अॅम्प जागे होतील?" भाचेसून म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही, किंवा वकिलांना ऐकून न ऐकणं जमतं. एक अभ्रा त्यांनी असा उचलला की मी मान वळवली, म्हटलं उगाच काही बघायला नको. आत मळकट काळी पेटी. कोपरे झिजलेले, जाळीवर चहा सांडल्याचा डाग.

"हा डाग मूळ आहे," संग्राहक म्हणाले.

"आतलं सगळंही मूळ?" भाच्याचा आवाज खाली गेला होता.

"सगळं."

"कंडेन्सरसुद्धा?" भाचेसुनेनं विचारलं. "इतके म्हातारे? फुटले म्हणजे?"

"तेवढे बदललेत."

"आणि हे व्हॉल्व्ह नवे दिसतात."

"व्हॉल्व्ह झिजतातच. ते बदलावेच लागतात."

"मग मूळ काय राहिलं?"

"आत्मा," संग्राहक म्हणाले, आणि भाच्यानं मान डोलावली. मी खिडकीतून बाहेर बघितलं. अशा वेळी बाहेर बघावं.

मग त्यांनी एकेका बटणाची ओळख करून दिली, घरातल्या सुनांची करून द्यावी तशी. "प्रत्येक बटणाची झीज आपापल्या जागची आहे. अदलाबदल केली की संपलं. मिडलचं फार घट्ट फिरतं. त्याला तेल घालायचं नाही, उघडायचं नाही. त्या काळी माणसं एकदा लावायची आणि आयुष्यभर वाजवायची. आणि काहीही झालं तरी याच्या कुठल्याही भागाला पक्कड लावायची नाही. मला शब्द द्या."

भाच्यानं शब्द दिला. लग्नात इतक्या गंभीरपणे दिला नव्हता.

"मास्टर व्हॉल्यूम?" भाचेसून म्हणाली.

"याला नाही. हा पूर्ण सोडला की खरखरतो. हळू ठेवला की शांत बोलतो. सभ्य आहे."

"आम्ही मेटल वाजवतो."

"तो तुमचा प्रश्न आहे," संग्राहक म्हणाले.

दोन्ही अॅम्प एका रविवारी शेडमध्ये आणले. दुकानदारानं त्याचा वापरून बघायला दिला. संग्राहक आपल्या अॅम्पसोबत स्वतः आले आणि पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांवर तिचा बाप नजर ठेवतो तसे शेजारी खुर्ची टाकून बसले. भाच्यानं आधी नवा वाजवला, मग जुना. जुन्याचं मिडल दातओठ खात शून्यावर नेलं.

"फरक कळला?" त्यानं विचारलं.

गुरगुऱ्या म्हणाला, "माफ कर, दोन्ही छान आहेत."

"हा श्वास घेतो. तो नुसता बोलतो."

"घेऊ दे श्वास," ठोक्या म्हणाला. "आता सगळे मिळून वाजवू."

सगळे मिळून वाजवू लागले आणि भाचा गेला. आधी नव्यातून गेला, मग जुन्यातून गेला. बेस ऐकू येत होता, झांजा ऐकू येत होत्या, गुरगुऱ्याचं आतडं ऐकू येत होतं, आणि मधे एक माणूस जिवाच्या आकांतानं हात हलवत होता, काचेपलीकडे माशी फडफडावी तसा. ठोक्याची मान पुन्हा वाकडी झाली. गाणं संपल्यावर त्यानं ती हातानं सरळ केली.

"तर हा," भाचा जुन्यावर हात ठेवून म्हणाला. "हाच."

"काय ऐकलंस तू?" ठोक्या म्हणाला.

"तुझ्या कानांना सवय व्हायला हवी."

"बरं," ठोक्या म्हणाला. गणिताचा मास्तर 'बरं' म्हणाला की समजावं, पेपरवर शून्य पडलेलं आहे.

भाचेसून जाताना तिची एक छोटी पेडलची डबी दाखवून म्हणाली, "निदान ही तरी पुढे लाव. हळू आवाजातही खरखरेल. सगळे लावतात."

"याच्यापुढे डबी? हा त्याचा अपमान आहे."

"माझा रोज होतो, मी काही बोलते का?"

संग्राहक म्हणाले, "मी विकत नाही, सुपूर्द करतो." पैसे मात्र विकल्यासारखेच घेतले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आम्ही हॉलवर पोचलो. तो अॅम्प मी आणि गुरगुऱ्यानं मागच्या दारानं चढवला. गुरगुऱ्या प्रत्येक पायरीला माफी मागत होता, मला की अॅम्पला, कोण जाणे. हॉलचा आवाजवाला टेबलामागे बसून पाव खात होता. भाच्यानं अॅम्प लावला, दिवे तापू दिले, व्हॉल्यूम पूर्ण सोडला आणि पहिला फटका मारला. आवाजवाल्याच्या हातातला पाव थांबला.

"अर्ध्याच्या खाली आण," तो म्हणाला.

"हा पूर्णवरच वाजतो."

"मग घरी वाजव. इथे गाणाऱ्याच्या माइकमध्ये सगळा तूच घुसतोयस. आण खाली. अजून. अजून जरा. हां."

भाच्यानं आता फटका मारला. त्या भयंकर काळ्या पेटीतून, झिजलेल्या कोपऱ्यांमधून, मूळ डागाच्या जाळीमधून, लहान मुलाला झोपवावं असा गोड, स्वच्छ सूर आला. गुरगुऱ्या गुरगुरायला तोंड उघडून उभा होता. त्यानं ते मिटलं.

"छान आहे," आवाजवाला पाव चावत म्हणाला. "लग्नाच्या ऑर्डरी घेता का?"

भाचा लाल झाला. भाचेसुनेनं पिशवीतून ती डबी काढली, अॅम्पपुढे जोडली आणि पायानं दाबली. खरखर आली. भाच्यानं तिच्याकडे बघितलं नाही आणि डबी काढलीही नाही. अपमान गिळायचा असला की तो चष्मा पुसतो, तसा पुसला.

सगळ्यांनी मिळून एक गाणं वाजवून बघितलं. पुन्हा घूंऽऽ. ठोक्या मान वाकडी करून मनगट शोधत होता, आणि रंगमंचावर अंतर जास्त, प्रकाश कमी, त्याला ते सापडत नव्हतं. मधेच पाय चुकला. तो थांबला.

मला वाटलं, आता उठून दुसऱ्या बँडला फोन करेल. तो उठला खरा. काठ्या काखेत धरून अॅम्पशी आला, वाकला, मिडलचं बटण चिमटीत धरलं आणि मनगट आवळून ते शून्यावरून फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं. दहावीच्या पोरांचे कान पिळून कमावलेली बोटं ती. मग बेस अर्ध्यावर आणला. मग पुन्हा मिडलचं बटण धरलं, ओढलं, टक् करून उपटलं आणि खिशात टाकलं.



"ते मूळ बटण आहे," भाचा म्हणाला.

"माहितीये. म्हणून खिशात नीट ठेवलंय."

"दे इकडे."

"वाजव."

बटण निघालं तिथे आखूड, गुळगुळीत दांडी तेवढी राहिली होती. भाच्यानं बोटांनी फिरवून पाहिली. जन्मभर घट्ट राहिलेली ती, ढिम्म हलेना. गुरगुऱ्या मदतीला आला. "माफ कर, पण ट्रेबलचं बटण काढून त्यावर बसवलं तर?" भाच्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं दोन माणसांची मुंडकी बदलायला सांगितली.

मग भाच्यानं गिटारच्या पेटीतून पक्कड काढली. तारा कापायची, साधी. पक्कड घेऊन अॅम्पपुढे गुडघ्यांवर बसला. मी शेजारीच उभा होतो. हात दांडीपर्यंत गेला आणि थांबला.

"मामा, फडकं आहे का? मधे धरायला."

"आहे," मी म्हटलं, आणि खिशातला हातरुमाल दिला.

त्यानं रुमाल गुंडाळला. काढला. पुन्हा गुंडाळला. "ओरखडा पडेल," म्हणाला. "दात उमटतील."

"उमटतील," मी म्हटलं.

मागे ठोक्या स्टुलावर बसून वाट बघत होता. पुढे पितळेची दांडी होती. माझ्या भाच्यानं दोन्हींकडे बघितलं आणि पक्कड परत पेटीत ठेवली. दुकानातला नवा असता तर त्यानं केव्हाच पिळून शून्यावर नेला असता, आणि दुसऱ्या दिवशी पाकिटातलं बटण बसवलं असतं. जुना अॅम्प नव्याहून बरा असतो याचा मला मिळालेला पुरावा हा एवढाच.

संध्याकाळी हॉल भरला. काळे कपडे घातलेली माणसं आली, त्यात दोघे-तिघे भाच्याचे ग्राहक, त्यानंच दिलेले चष्मे घालून. संग्राहक मागच्या रांगेत कानात कापूस घालून बसले. कापूस घालून आत्मा कसा ऐकायचा होता, ते त्यांनाच ठाऊक.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला प्रथमच कळलं की माझा भाचा काय वाजवतो. एकेक टाका वेगळा. गोड नव्हतं. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसं होतं. पण करवत कुठे चाललीय ते दिसत होतं. मी ठोक्याकडे पाहिलं. त्याची मान सरळ होती. तो मनगटाकडे बघत नव्हता. तो कुठेच बघत नव्हता, त्यानं डोळे मिटले होते आणि पाय नेमका पडत होता, आणि तोंडावर, बाक बडवताना पोरांच्या तोंडावर असतं तसलं निर्लज्ज हसू होतं.

सामान आवरताना ठोक्या म्हणाला, "मला उद्या पेपर तपासायचेत. रविवारी जरा उशिरा येईन."

"रविवारी?" भाचा म्हणाला.

"रविवारी. शेडवर. दुसरीकडे कुठे येणार?"

भाचा त्याला मिठी मारेल असं मला वाटलं. त्यानं अॅम्पवर हात ठेवला. "बघितलंस? म्हणालो होतो ना, जुन्याचा आवाज तो जुन्याचा. श्वास घेतो."

ठोक्यानं भाचेसुनेकडे पाहिलं. ती डबीची वायर गुंडाळत होती. "घेतो बाई, घेतो," ती म्हणाली.

तेव्हापासून भाचा दुकानात येणाऱ्या प्रत्येक लांब केसांच्या गिऱ्हाइकाला व्हॉल्व्ह आणि आत्मा समजावून सांगतो. भिंग डोळ्यापुढे धरलेलं असतं, गिऱ्हाईक निमूट ऐकतं. संग्राहक एकदा शेडमध्ये येऊन गेले. उघडी दांडी पाहून त्यांना खुर्ची द्यावी लागली. बटणाविना तो अपूर्ण आहे, असा अॅम्प कुठल्याही जाणत्या माणसाला दाखवायची सोय नाही, असं ते म्हणाले. तसलं दुसरं बटण नवं मिळतं, पण ते नवं. ते लावण्यापेक्षा दांडी उघडी बरी, यावर त्यांचं आणि भाच्याचं एकमत झालं.

बटण ठोक्याच्या किल्ल्यांना अडकवलेलं आहे. दर रविवारी वाजवून झालं की भाचा हात पुढे करतो.

"माझं बटण दे."

"बँड सोडेन त्या दिवशी देईन," ठोक्या किल्ल्या खुळखुळवत म्हणतो. "आज सोडू? सांग. तू म्हणशील तसं."

आणि माझा भाचा अॅम्पकडे बघतो, ठोक्याकडे बघतो, पुन्हा अॅम्पकडे. दिवसभर दुसऱ्यांना विचारतो ना, हे बरं की हे. कोणी त्याला विचारलं की त्याला घाम फुटतो.